ईमेलवरून अभ्यासक्रम चालवायचा तर: नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी पाठ, स्वाध्याय आणि उलटटपाल

पहिला हिशेब मांडायचा तो शिक्षकाच्या तासांचा. समजा, बॅचमध्ये ४० जण आहेत आणि दर आठवड्याला त्यातल्या ३० जणांचे स्वाध्याय येतात. एक नीट वाचून त्यावर चार ओळी लिहायला १२ मिनिटं धरा, म्हणजे सहा तास झाले. अधूनमधून येणाऱ्या शंकांची २० मेल, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे आणखी जवळपास पावणेदोन तास. पुढचा पाठ तयार करायला तीन तास. बेरीज पावणेअकरा तासांच्या आसपास जाते. शिक्षक स्वतःच नोकरी सांभाळून शिकवत असेल आणि त्याच्याकडे आठवड्याला आठ तास असतील, तर ४० जणांना प्रवेश देणं म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरं तुंबणार हे ठरवूनच सुरुवात करणं. अशा वेळी २५ जण घ्या, किंवा स्वाध्याय पंधरा दिवसांतून एकदा ठेवा.

हे आधी सांगायचं कारण असं, की ईमेलवरचा अभ्यासक्रम बहुतेक वेळा पाठ चांगले नसल्यामुळे बंद पडत नाही. विद्यार्थ्यानं पाठवलेल्या कागदाला उत्तर येत नाही म्हणून तो बंद पडतो. पाठ तर बाजारातल्या गाइडमध्येही मिळतो. "तुझं इथे चुकलंय" हे सांगणारं कुणी गाइडमध्ये नसतं.

मुंबईत हे माध्यम कुणासाठी सोयीचं? मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं दूरशिक्षण केंद्र (पत्रद्वारा अभ्यासक्रम म्हणून ते १९७१ मध्ये सुरू झालं), नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू इथे नाव नोंदवलेले आणि दिवसा कामावर असणारे विद्यार्थी हा मोठा गट. रात्र महाविद्यालयातले आहेत, पाळीत काम करणाऱ्या परिचारिका आहेत, दादरच्या दुकानात रात्री साडेआठपर्यंत उभे असणारे आहेत. संध्याकाळी सात वाजता ऑनलाइन तास ठेवला तर यातले निम्मे गाडीत लटकत असतात. ईमेल त्यांची वाट बघतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठ पाठवता येतो, पण दोन दिवसांत तो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो आणि कुणाचा स्वाध्याय कधी आला हे शोधता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ठेवा, पण फक्त "मेल पाठवली आहे, बघा" एवढं सांगायला.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पदवी देणारा दूरशिक्षण अभ्यासक्रम चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता लागते, त्याचे २०२० चे स्वतंत्र विनियम आहेत. इथे जे सांगितलं आहे ते अभ्यास केंद्रांसाठी, खासगी क्लाससाठी आणि पदवीबाहेरच्या छोट्या अभ्यासक्रमांसाठी. जाहिरातीत याची सरमिसळ करू नका.

खातं आणि त्याच्या मर्यादा

अभ्यासक्रमासाठी वेगळं खातं उघडा. शिक्षकाचं वैयक्तिक खातं वापरलं आणि तो मध्येच सोडून गेला, तर सगळे स्वाध्याय त्याच्याबरोबर जातात. खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही संस्थेचा हवा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि तिचे बॅकअप कोड छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवा.

मोफत जीमेल खात्यावरून दिवसाला जास्तीत जास्त ५०० जणांना मेल जाते. ही मोजणी पत्त्यांची असते: एक मेल १०० जणांना पाठवली की १०० संपले. मर्यादा ओलांडली तर पाठवणं काही तासांपासून २४ तासांपर्यंत बंद होतं. साठवण १५ जीबी, आणि ती ड्राइव्ह आणि फोटोंमध्ये वाटलेली. ३० विद्यार्थी, १२ स्वाध्याय, प्रत्येकी ५ एमबी असा हिशेब केला तरी दोन जीबीच्या आत राहतो, त्यामुळे एका बॅचला मोफत खातं पुरतं.

संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर ज्यानं ते बसवलं त्याला एकच प्रश्न विचारा: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या) केल्या आहेत का? "बघतो" असं उत्तर आलं, तर त्या होईपर्यंत पाठ पाठवायला सुरुवात करू नका. या नोंदींशिवाय आलेली मेल जीमेल स्पॅममध्ये टाकू शकतं किंवा परतवू शकतं, आणि विद्यार्थ्याला वाटतं की क्लासनं पैसे घेऊन काही पाठवलंच नाही.

पत्ते गोळा करणं

इथे घाई केली की ती पुढे चार महिने भोवते. कागदी अर्जावर हातानं लिहिलेला ईमेल पत्ता हा चुकांचा कारखाना आहे: एक आणि एल, शून्य आणि ओ, बिंदू आणि अधोरेखा. पत्ता विद्यार्थ्याकडूनच टाइप करून घ्या, गुगल फॉर्ममधून किंवा तुमच्यासमोर त्याच्याच मोबाइलवरून एक मेल पाठवायला सांगून. दुसरा मार्ग उत्तम. त्यानं आधी तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही त्यालाच उत्तर दिलं की तुमची मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता बरीच कमी होते. तिथेच तुमचा पत्ता त्याच्या संपर्क यादीत सेव्ह करून घ्या.

ऑफिसचा पत्ता घेऊ नका. बँका आणि मोठ्या कंपन्यांची यंत्रणा बाहेरून आलेले अटॅचमेंट अडवते, आणि नोकरी बदलली की पत्ता जातो. सायबर कॅफेवाल्यानं कधीकाळी परीक्षेच्या अर्जासाठी उघडून दिलेलं खातंही नको. त्याचा पासवर्ड विद्यार्थ्याला माहीत नसतो, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करू शकतं. अशांना नवं खातं उघडून द्यायला दहा मिनिटं खर्च करा.

मग पाठ शून्य पाठवा. त्यात शिकवायचं काही नाही, फक्त एक काम: "या मेलला उत्तर द्या आणि तुमचं नाव, हजेरी क्रमांक, साप्ताहिक सुट्टीचा वार लिहा." सोबत एक पानाची पीडीएफ जोडा आणि त्यातला एक शब्द उत्तरात लिहायला सांगा. पीडीएफ उघडते की नाही, हे त्यावरून कळतं. सगळ्यांची पोच आल्याशिवाय पहिला पाठ पाठवायचा नाही. चार दिवसांत ज्यांची पोच आली नाही त्यांना फोन करा.

सर्वांना एकाच वेळी कसं पाठवायचं

तीन मार्ग आहेत. सगळ्यात सोपा बीसीसीचा: "टू"मध्ये तुमचाच पत्ता, बाकी सगळे बीसीसीमध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. चुकून सीसीमध्ये टाकलं तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो, आणि कुणीतरी "सर्वांना उत्तर द्या" दाबून आपला स्वाध्याय वर्गभर वाटतो. मुलींना त्यानंतर अनोळखी मेल यायला लागल्या तर जबाबदारी तुमची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर ही नुसती शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही.

दुसरा मार्ग गुगल ग्रुपचा, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलं की सगळ्यांना जातं. त्यात दोन सेटिंग बघाच: पोस्ट करण्याचा हक्क फक्त व्यवस्थापकांना, आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्याला जाईल असं. तिसरा मेल मर्जचा, म्हणजे शीटमधल्या यादीवरून प्रत्येकाच्या नावानं स्वतंत्र मेल. जीमेलमधली ही सोय काही सशुल्क योजनांमध्येच आहे. मोफत खात्यावर ॲप्स स्क्रिप्टनं (गुगल शीटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामनं) ते करता येतं, दिवसाला १०० पत्त्यांपर्यंत. २५–३० जणांच्या बॅचला हाच मार्ग चांगला. "नमस्कार स्नेहल" असं लिहून आलेल्या मेलला उत्तर येतं, "प्रिय विद्यार्थी" म्हणणारी मेल नोटीस वाटते.

बीसीसी वापरत असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. एकाच मेलला ३० जणांनी उत्तर दिलं की जीमेल ती सगळी उत्तरं एकाच संभाषणात रचतं. मग एकाचे गुण दुसऱ्याला जातात. सेटिंग्जमध्ये "संभाषण दृश्य" बंद करा, प्रत्येक उत्तर स्वतंत्र दिसेल. त्याच पानावर "पाठवणं रद्द करा" याची मुदत ५ सेकंदांवरून ३० वर न्या. आणि मेल लिहिताना पत्ता शेवटी भरा: आधी अटॅचमेंट, मग मजकूर, मग विषय, मग पत्ते. अर्धवट मेल जाण्याचा प्रकार याच एका सवयीनं थांबतो.

पाठ कसा असावा

एक पाठ म्हणजे मेलच्या अंगात ३०० ते ४०० शब्द आणि सोबत एकच पीडीएफ, सहा ते आठ पानांची. विद्यार्थी दोन बैठकांत संपवेल एवढंच: एक गाडीत वाचायची, एक घरी वही घेऊन बसायची. मेलमध्ये मूळ कल्पना आणि कामांची यादी, पीडीएफमध्ये उदाहरणं आणि तक्ते.

पीडीएफ ए-फोर आकारात १२ पॉइंटमध्ये केली तर मोबाइलवर प्रत्येक ओळ बोटांनी ताणून वाचावी लागते. पान ए-फाइव्ह ठेवा, अक्षर १४ पॉइंट, समास अरुंद. सरळ वाचता येतं. फाइल ५ एमबीच्या आत ठेवा. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी मेलमधून जाताना फाइलचं रूप बदलतं आणि तीन बाइट्सचे चार होतात, त्यामुळे १८ एमबीची फाइल वाटेत २४ एमबी होते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) टाइप करा. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या नोट्स बऱ्याच क्लासांकडे पडून आहेत. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की विद्यार्थ्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्याची पीडीएफ केली तर दिसतं नीट, पण शोधता येत नाही आणि कॉपीही होत नाही. एकदाच बसून नोट्स युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणाऱ्या साधनांवर विसंबून तपासणी टाळू नका, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

वर्डमधून थेट मेलमध्ये चिकटवू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठी मेल मध्येच छाटतं आणि खाली "संपूर्ण संदेश पाहा" अशी बारीक ओळ ठेवते, जी कुणी दाबत नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट्स घेतं. तरीही हजार शब्दांचा मराठी मजकूर साधारण २० केबीत बसतो. मर्यादा ओलांडते ती वर्डनं सोबत आणलेल्या अदृश्य मांडणीमुळे. चिकटवताना "फॉर्मॅटिंगशिवाय पेस्ट करा" निवडा: कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही.

रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांसारखे हिशेबाच्या वह्यांतले रकाने मेलच्या अंगात टाइप करू नका. मोबाइलवर नावे बाजू जमेखाली जाऊन बसते. ते पीडीएफमध्येच. आणि सुविचाराचं चित्र, संस्थेचा फिरता लोगो, अध्यक्षांचा फोटो यातलं काहीही पाठात नको. चित्रांनी भरलेली मेल स्पॅमच्या जवळ जाते, हा त्यातला एकमेव तांत्रिक आक्षेप. बाकीचे आक्षेप आहेतच.

विषयाची ओळ: पाठाचा क्रमांक आधी, कारण मोबाइलवर सुरुवातीची तीसेक अक्षरंच दिसतात. "सर्व विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची सूचना" यातून काहीच कळत नाही. लेखाकर्माच्या अभ्यासक्रमातल्या एका पाठाचा नमुना असा:

विषय: पाठ ०४ | घसारा | स्वाध्याय सोमवार १७ ता. रात्री १०

नमस्कार स्नेहल,
यंत्र विकत घेतलं त्याच दिवसापासून त्याची किंमत उतरायला लागते. ती उतरण दर वर्षी हिशेबात कशी धरायची, हे या पाठात आहे.
१) सोबतची पीडीएफ वाचा (६ पानं, ४० मिनिटं).
२) पान ३ वरचं उदाहरण पीडीएफ बंद करून वहीत सोडवा.
३) स्वाध्याय: ८०,००० रुपयांचं यंत्र, घसारा १० टक्के, घटत्या शिल्लक पद्धतीनं. पहिल्या तीन वर्षांचं यंत्र खातं तयार करा.
वहीतली पानं स्कॅन करून याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. विषयाची ओळ बदलू नका.
अडलं तर प्रश्न लिहा: कितव्या पानावर, कुठल्या ओळीपाशी अडलं तेवढं सांगा.

प्रत्येक कामापुढे वेळ लिहिलेली बघा. नोकरी करणारा माणूस "आता ४० मिनिटं आहेत" असा विचार करतो, "घटक चार वाचायचा आहे" असा नाही.

वेळापत्रक

पाठ शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, स्वाध्यायाची मुदत दहा दिवसांनंतरच्या सोमवारी रात्री दहाला. मध्ये दोन शनिवार-रविवार येतात, आणि ज्यांची सुट्टी सोमवारी असते अशा दुकानांतल्या मुलांनाही दोन मोकळे दिवस मिळतात. पाठ दर आठवड्याला असेल तर आधीचा स्वाध्याय पुढच्या पाठावर चढतो, ते चालतं. मुदत रात्री बाराची ठेवू नका. पावणेबाराला अटॅचमेंट अडकलं तर मदतीला कुणी जागं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी माफीची वीस पत्रं येतात. जीमेलमध्ये मेल आधीच शेड्यूल करता येते, त्यामुळे तीन पाठ तयार ठेवून तारखा लावून द्या. शिक्षक आजारी पडला तरी पाठ जातो.

१२ पाठांना १५ आठवडे धरा. गणपतीचे दिवस, दिवाळी आणि मार्चचा शेवटचा पंधरवडा रिकामा सोडा. बँकेतले आणि हिशेबनिसाच्या हाताखाली काम करणारे मार्चमध्ये घरीच उशिरा पोचतात. सीएच्या ऑफिसातल्या मुलांचा जुलैचा शेवटही विवरणपत्रांत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या बंद पडल्या त्या दिवसाची मुदत विद्यार्थ्यांनी मागण्याआधीच एका ओळीच्या मेलनं पुढे ढकला.

स्वाध्याय आले की

मोबाइलचा एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. आठ पानं म्हणजे २४ ते ४० एमबी. मर्यादा ओलांडली की जीमेल आपणहून फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतं, आणि तुमच्यासमोर येतं "परवानगी मागा". विद्यार्थ्याला वाटतं स्वाध्याय पोचला, तुम्हाला वाटतं आलाच नाही. यावर उपाय एकच: फोटो नकोत, स्कॅन हवं. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमधला स्कॅन पर्याय आणि आयफोनवर नोट्समधला स्कॅनर सगळ्या पानांची मिळून एक पीडीएफ करतो, बहुधा दोन-तीन एमबीची. पाठ शून्यबरोबर हे करून दाखवणारी चार चित्रं पाठवा. आयफोनचे हेइक प्रकारचे फोटो जुन्या विंडोजवर उघडत नाहीत, तोही प्रश्न यानंच मिटतो.

फाइलचं नाव: हजेरी क्रमांक, मग पाठाचा क्रमांक, रोमन अक्षरांत आणि मध्ये रिकामी जागा न सोडता. विद्यार्थी हे विसरणार. दोनदा आठवण करा आणि नंतर स्वतःच बदलून घ्या, त्यावरून भांडू नका.

विषयात "पाठ ०४" असलेल्या मेलसाठी फिल्टर तयार करून लेबल लावा, म्हणजे चौथ्या पाठाचे सगळे स्वाध्याय एका जागी. शेजारी एक शीट: आल्याची तारीख, तपासल्याची तारीख, गुण. २४ तासांत पोच द्या, नुसतं "मिळालं, ६ पानं, नीट दिसतंय" एवढं. तपासून उत्तर पाच दिवसांत. ही पोच फार कामाची असते. रात्री अकराला पानं पाठवून झोपलेल्या माणसाला सकाळी सातच्या गाडीत ती दिसते.

शेरा कसा लिहायचा? पहिली चूक कुठे झाली ते शोधा आणि फक्त तिथे बोट ठेवा, पुढच्या चुका बहुतेक तिच्यातूनच आलेल्या असतात. वरच्या उदाहरणात दर वर्षी उरलेल्या शिल्लकेवर १० टक्के वजा करत गेलं की तिसऱ्या वर्षाअखेर शिल्लक ५८,३२० यायला हवी. कुणाचं उत्तर ५६,००० आलं तर त्यानं दर वर्षी ८,००० च वजा केले, म्हणजे सरळ रेषा पद्धत लावली. शेरा असा: "पहिल्या वर्षाचे ८,००० बरोबर. दुसऱ्या वर्षी १० टक्के कशावर काढायचे? पान २ ची तिसरी ओळ बघा आणि फक्त दुसरं-तिसरं वर्ष पुन्हा करून पाठवा." बरोबर उत्तर शेऱ्यात देऊ नका. नमुना उत्तर मुदतीनंतर बुधवारी सगळ्यांना एकत्र पाठवा.

३० पैकी दहा जण हीच चूक करतील. त्यामुळे असे शेरे जीमेलच्या टेम्प्लेटमध्ये साठवा (सेटिंग्जमधल्या प्रगत विभागात ही सोय आधी सुरू करावी लागते) आणि पाठवताना एक ओळ त्या विद्यार्थ्याच्या वहीबद्दल हातानं जोडा. ती ओळ नसेल तर तिसऱ्या वेळी त्याला कळतं की उत्तर छापील आहे.

परत आलेल्या मेल आणि गप्प झालेले विद्यार्थी

परत आलेल्या मेलमध्ये तीन आकड्यांचा संकेत असतो, तो वाचा. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, यंत्रणा स्वतः पुन्हा प्रयत्न करते. ५ असेल तर कायमची. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, टायपिंग तपासा. शेवटी २.२ असेल तर विद्यार्थ्याची पेटी भरली आहे, बहुतेक वेळा लग्नाच्या व्हिडिओंनी. त्याला फोन करून ड्राइव्ह आणि फोटो रिकामे करायला सांगा. ५.७ नं सुरू होणारा संकेत म्हणजे समोरच्या यंत्रणेनं धोरण म्हणून अडवलं: डोमेनच्या नोंदी तरी अपुऱ्या आहेत किंवा पत्ता ऑफिसचा आहे.

मेल परत येत नाही आणि उत्तरही येत नाही, हे जास्त गंभीर. सलग दोन स्वाध्याय चुकले की तिसऱ्याची वाट बघू नका. "तुमचा स्वाध्याय प्राप्त झालेला नाही" असं स्मरणपत्र धाडलं तर मागे पडलेला माणूस आणखी लपतो. त्याऐवजी छोटं काम द्या: "पाठ ३ आणि ४ चे स्वाध्याय राहू दे. पाठ ५ मधला फक्त पहिला प्रश्न रविवारपर्यंत पाठव, पुढचं बघू." त्यालाही उत्तर नाही आलं तर फोन, आणि तो त्याच्या सुट्टीच्या वारी. तो वार तुम्ही पाठ शून्यमध्ये विचारून ठेवला आहे.

बॅच संपल्यावर गुगल टेकआउटमधून (खात्यातल्या माहितीची प्रत काढून देणारी सोय) त्या लेबलांच्या मेल उतरवून घ्या, गुणांची शीट छापून सही करून ठेवा, आणि निकालानंतरची तक्रारीची मुदत संपली की विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या प्रती खात्यातून काढून टाका. कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर ३० दिवस त्या तिथेच जागा अडवून बसतात.